आई-बाबा, मी मंडळी सोडत नाहीये

आई, बाबा,
प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले ती मंडळी, ते चर्च सोड, त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही, गळा दाटून आला म्हणून मी म्हटलं आईला द्या फोन, आणि आई तू जेवलीस का विचारलंस आणि ते तसंच राहिलं. म्हणून लिहितेय. जरा मोठं होईल, दोघं एकत्र बसून वाचा.

बाबा, तुमच्या ग्रुपवर फिरतोय ना मेसेज, की अमेरिकेतल्या मेथॉडिस्ट चर्चने पाळकांवर समलिंगी लग्नं लावायची सक्ती केलीय, ते खरं नाही. २०२४ ला शार्लटमध्ये जनरल कॉन्फरन्स, म्हणजे चर्चचे नियम ठरवणारी सभा झाली, माझ्या घरापासून तासाभरावर. समलिंगी माणसांना पाळकाची दीक्षा द्यायची नाही हा १९८४ चा नियम १ मे ला काढून टाकला, ६९२ विरुद्ध ५१ मतांनी. आणि पाळकाने असं लग्न लावलं म्हणून शिक्षा नाही, आणि नाही लावलं म्हणूनही नाही, हे पण तेव्हाच ठरलं. बंदी उठली एवढंच, सक्ती कुणावरच नाही. आणि आपलं भारतातलं मेथॉडिस्ट चर्च १९८१ पासून स्वतंत्र आहे, इथल्या मतदानाने आपल्या पाळकसाहेबांना काहीच बदलावं लागत नाही. ती काळजी सोडा.

पण तुमची खरी काळजी माझी आहे, हे मला कळतं.

१९७२ ला अटलांटाच्या कॉन्फरन्समध्ये चर्चच्या नियमांच्या पुस्तकात एक वाक्य घातलं होतं, समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत आहे असं. ५२ वर्षं ते तिथे राहिलं. त्याच परिच्छेदात ही माणसंसुद्धा पवित्र मोलाची आहेत असंही लिहिलेलं होतं, म्हणजे मोल आहे पण दार अर्धंच उघडं. आणि दीक्षा तर पुढची गोष्ट झाली, व्हर्जिनियात एका पाळकाने एका समलिंगी माणसाला साधं सभासद करून घ्यायला नकार दिला. बिशपनी त्या पाळकाला रजेवर पाठवलं, तर २००५ मध्ये चर्चच्या न्यायमंडळाने उलटा निकाल दिला की कोणाला सभासद करायचं हे पाळक ठरवू शकतो. मग सगळ्या बिशपांना मिळून एक पत्र काढावं लागलं की समलैंगिक असणं ही सभासदत्वाला आड येणारी गोष्ट नाही. बाबा, हे वाचलं तेव्हा मला तुमचं रजिस्टर आठवलं, ते लाल कापडी पाठीचं, मंडळीच्या सभासदांचं, तुम्ही दर जानेवारीत जेवणाच्या टेबलावर घेऊन बसायचात आणि एकेक नाव वाचत जायचात. मी इकडे आले तेव्हा त्यातूनच माझं ट्रान्सफरचं पत्र निघालं. ते एक पत्र दाखवलं आणि मला वेदीसमोर उभं करून घेतलं, कुणी एक प्रश्न विचारला नाही की तू कोणावर प्रेम करतेस, घरी कोणाबरोबर राहतेस. मला जे इतकं सहज मिळालं ते दुसऱ्याला का नाही, हे मला स्वतःला समजावता येत नाही.

तुम्ही रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय काढलात, समलिंगी संबंधांना दोष देणारा. मी परत वाचला, दोनदा वाचला. त्यावर आपलं एकमत होईलच असं नाही आणि मी भांडतही नाहीये. पण प्रेषितांच्या कृत्यांमधली, यहुदी नसलेल्या कर्नेल्याच्या घरी पेत्र जातो ती गोष्ट मला संडे स्कूलमध्ये तुम्हीच शिकवलीत, पेत्र म्हणतो देव पक्षपाती नाही, ते मी तुमच्याच तोंडून ऐकलंय.

२०२३ ला याच वादावरून आमच्या मंडळीतही मतदान झालं, मेथॉडिस्ट चर्चमधून बाहेर पडायचं का. दोन तृतीयांश मतं लागतात. हॉलमध्ये पांढऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, पेन्सिली पुरल्या नाहीत म्हणून एकमेकांना देत होतो. आमचा क्वायर शिकवणारा, तो समलिंगी आहे, सगळ्यांना माहितीये, अकरा वर्षं दर रविवारी पियानोवर असतो, त्याने आपली चिठ्ठी टाकली आणि मोजणी होईपर्यंत मागच्या बाकावर बसून गाण्यांच्या पुस्तकांची फाटलेली पानं टेपने चिकटवत बसला. वर बघितलंच नाही त्याने. मी राहायच्या बाजूने मत दिलं. दोन तृतीयांश झाले नाहीत, आम्ही राहिलो. पण जवळपास चाळीस जण गेले, त्यात त्या आजी पण, ज्यांनी मला पहिल्या थंडीत स्वतःचा कोट दिला होता. त्या वाईट नाहीत, आई. मी अजूनही त्यांना ख्रिसमसला करंज्या नेऊन देते. देशभरात साडेसात हजारांवर मंडळ्या अशा गेल्या, आणि पुढे आयव्हरी कोस्टची अख्खी कॉन्फरन्स, म्हणजे तिथल्या सगळ्या मंडळ्या मिळून गेल्या, लाखो माणसं. हे सोपं झालं असं मी म्हणत नाही, आमच्याकडचे ते रिकामे बाक मला अजून बोचतात.

तरी मी इथेच राहणार. तुम्हाला हे पटलं नाही तरी माझ्यासाठी प्रार्थना थांबवू नका, आणि मी चुकीच्या ठिकाणी पडलेय म्हणून नको, मी तुमची आहे म्हणून करा.

आणि आई, ईस्टरला आमचा क्वायर एक मराठी भजन बसवणार आहे, त्या शिकवणाऱ्यानेच स्वतःहून विचारलं. तू पहाटे चहा ठेवताना म्हणायचीस ना, तेच. पहिली दोन कडवी मला येतात, तिसऱ्याची चाल पक्की आठवत नाही. फोनवर रेकॉर्ड करून पाठव, बाबांना झांजा धरायला सांग.

तुमचीच लेक