आईचा अंगठा

परळ, मुंबई
रविवार

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "आधार कार्डावर सरकारचे पैसे गेले तर बिघडलं काय?" तेवढ्यात दादर आलं आणि फोन ठेवावा लागला. म्हणून लिहितेय.

कार्डाशी माझं भांडण नाही. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं, तेव्हा तुम्हीच मला बातमी वाचून दाखवली होतीत. पण परवा रेशन दुकानात आईचा अंगठा पाच वेळा लावूनही उमटला नाही. जन्म राखेने भांडी घासण्यात गेला, रेषा उरणार कुठून? पदराला पुसला, तोंडाची वाफ दिली, तेव्हा कुठे मशीन वाजलं. वर दुकानदार म्हणे, अपडेट करून घ्या. म्हणजे तालुक्याला खेप, एसटीचं भाडं आणि फी वेगळी.

इकडे शेजारच्या काकूंना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले होते. खिडकीवर आधारचा नंबर दिला, लगेच नाव-पत्ता पडद्यावर. सोनोग्राफीची तारीख? दीड महिन्यानंतरची. मशीन आहे, चालवणारा माणूस नाही. काकू कोण ते क्षणात कळलं. काकूंच्या पोटात काय आहे ते दिवाळीनंतर कळेल.

बाबा, इंग्लंडात असाच कार्डाचा कायदा २००६ मध्ये झाला. त्याच्या आधीच, २००५ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या लोकांनी खर्च मांडला होता: १,०६० ते १,९२० कोटी पौंड. सरकारचा आकडा खूपच कमी होता, त्यावरून रण माजलं. २०१० मध्ये नवं सरकार आलं आणि योजनाच गुंडाळली. ज्यांनी ३० पौंड मोजून कार्ड घेतलं, त्यांना मात्र पैसे परत नाहीत! (तुम्ही असतात तर पावती घेऊन लंडनला धडकला असतात.) मुद्दा एवढाच, की त्यांनी आधी हिशेब मागितला. आपण रांगेत उभे राहिलो. मीही.

आई, अंगठा लागला नाही तर मुकाट्याने परत फिरू नकोस. मशीनवर डोळ्यांची ओळख पटवून किंवा मोबाईलवर ओटीपी घेऊनही काम होतं, तसं दुकानदाराला सांग. मी शनिवारी जनशताब्दीने चिपळूणला उतरतेय. तोवर आधारला कुठला मोबाईल जोडलाय ते बघून ठेवा. मला दाट संशय आहे, की तो माझ्या कॉलेजातल्या, गणपतीत हरवलेल्या सिमचा नंबर आहे.

तुमची,
मनू