मॅडम, फोटू झाला का?

प्रिय रेखा,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू निम्म्यातच एक अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस, आणि फोनवर सांगायला घ्यावं तर तूच बोलत बसतेस. म्हणून कागद. तब्येत बरी. शुगर गोळीवर आहे, यांची पाठ आहे तशीच. संक्रांतीचा तिळगूळ पाकिटात मावत नाही, तो उधार.

गोष्ट अशी झाली. परवा मधल्या सुट्टीनंतर पहिली-दुसरी घेऊन बसले होते. "आपापलं पुस्तक वाचा" म्हटलं होतं. म्हणजे दोघी वाचत होत्या, बाकीची लेकरं एकमेकांच्या वह्या ओढत होती. फोन टेबलावर थरथरला. तांदूळ घेऊन येणारा टेम्पोवाला असेल म्हणून मी तो उचलून बघायला लागले, तर सगळा वर्ग एकदम चिडीचूप. सगळ्यांनी पुस्तकं उचलून तोंडापुढे धरली, माना खाली घातल्या. सोपानचा धाकटा यंदा पहिलीत आहे. त्याचं पुस्तक उलटं होतं. शेजारच्या पोरीनं ते सुलटं करून दिलं आणि त्याच्या कानात म्हणाली, "खाली बघ, म्याडम फोटू काढायल्यात."

मी फोन ठेवला. मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, फोटू झाला का?" मी काहीच बोलले नाही. पुस्तकं खाली गेली, वह्यांची ओढाओढ पुन्हा सुरू.

घरी येऊन यांना सांगितलं तर म्हणतात, "मग शिस्तीचीच आहेत की पोरं." आता हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू म्हणशील, वंदे, नाटकं आपणही केलीत. केलीत ना! चष्मेवाले साहेब तपासणीला यायचे तेव्हा तूच पोरांना शिकवून ठेवलं होतंस: प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा, येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. आणि आपला ज्ञाना पडला डावखुरा. सगळी उत्तरं पाठ असून बिचाऱ्याला तू एकदाही उठवलं नाहीस, शेवटी रडला तो. पण रेखा, ते वर्षातून एकदा. साहेब गेले की पोरं पोरं व्हायची आणि आपण आपण. आता साहेब टेबलावरच असतो, सारखा थरथरणारा.

तुझी बदली झाली तेव्हा याची सुरुवात होती, आता पूर आलाय. पोषण आहाराची संख्या रोज अॅपमध्ये. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. वाचन प्रेरणा दिनाला, म्हणजे १५ ऑक्टोबरला, पुस्तकासह फोटो. हर घर तिरंगाला झेंड्यासह सेल्फी. मेळावा घेतला तर फलक दिसला पाहिजे, फलकावर शाळेचं नाव दिसलं पाहिजे, आणि कुठून काढला तेही त्या फोटोवर उमटलं पाहिजे, नाहीतर ग्रुपवर आपलं नाव लाल अक्षरांत. आपले लोक "आम्हाला शिकवू द्या" म्हणत रस्त्यावर आले, तर त्या मोर्चाचेही फोटो आधी ग्रुपवरच पडले. मला त्याही दिवशी हसू आलं होतं.

तुझ्या जागी आलेले नवे सर पोरगेलेसे आहेत. वाईट नाहीत, कष्टाळू आहेत. पण त्यांना तास आधी फोटोत दिसतो. गणितपेटी काढली की पहिल्यांदा गोल करून बसवतात, उजेड कुठून येतोय ते बघतात. मग फोटो. मग पेटी बंद. एकदा मी म्हटलं, "सर, आता काढलीच आहे तर शिकवा की." तर म्हणाले, "मॅडम, चार वाजेपर्यंत लिंक भरायचीये." खरं होतं त्यांचं. लिंक होतीच.

आणि हे वाचून तू "मी तेव्हाच सांगितलं होतं" म्हणणार, ते मला इथून ऐकू येतंय. म्हणून तो टीव्हीचा जुना वाद आज मिटवूनच टाकू. तो माझ्या बाजूने मिटणार आहे. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर आला २२ जून २०१५ ला. जो तो शहापूरच्या पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघून येत होता, गावोगाव लोकवर्गणी निघत होती. आपल्या वस्तीनेही काढली. तू म्हणालीस, आधी मुलींचा संडास. मी म्हटलं, टीव्ही. दगडूमामांनी दोन्हींची पावती फाडली, आणि आपण दोघी आठवडाभर एका डब्यात जेवलो नाही. पण आठव, कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर येतं तो व्हिडिओ लावला तेव्हा पोरं काय हसली होती: "हे तर आमच्याकडं रोज असतंय!" आणि समुद्र लावला तेव्हा? सगळी थिजून बसली आणि कोंडिबानं विचारलं, "म्याडम, ह्याला पाणी कोण सोडतंय?" टँकरच्या गावातलं लेकरू आणखी काय विचारणार! तो प्रश्न त्या टीव्हीमुळे आला, तुझ्या संडासामुळे नाही. गेल्या उन्हाळ्यात बिल थकलं म्हणून वीज तोडली, तेव्हापासून टीव्ही बंद आहे, यात टीव्हीचा काय दोष?

क्यूआर कोडचंही तेच. पुस्तकांत क्यूआर कोड घालणाऱ्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलरमधली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटून टाकली, तेव्हा पेढे तूच वाटले होतेस, मी नाही. आपल्या पुस्तकांतून सरकारच्या दीक्षा अॅपचे कोड आले ते चांगलंच झालं. आमच्या वर्गात त्यांचा मुख्य उपयोग म्हणजे पोरं त्यातले पांढरे चौकोन पेनाने काळे करतात, ही गोष्ट वेगळी.

तर मला मोबाइलचा राग नाही. मला त्याचा राग यावा अशी तुझी इच्छा आहे, ते मला माहीत आहे. तुमच्या तालुक्यात मोहित्यांच्या वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही-मोबाइल बंद होतात, हे तू मला इतक्या वेळा सांगितलंयस की तो भोंगा तूच वाजवतेस असं वाटतं. गोष्ट चांगलीच आहे. असरचा, म्हणजे खेड्यातल्या पोरांच्या शिक्षणाच्या पाहणीचा, अहवालही तू वाचून दाखवलास: २०२४ साली खेड्यातल्या १४ ते १६ वयाच्या पोरांतली ८२ टक्के स्मार्टफोन चालवू शकतात, आणि आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली ५७ टक्के, तर सोशल मीडियासाठी ७६. मान्य. पण आमच्या वस्तीवर भोंगा लावला तर काय होईल सांगू? घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, बाप घरी येतो सातनंतर. भोंगा नेमका लेकराच्या वाट्याची वेळ खाईल.

राणीचं ऐक म्हणजे कळेल. आपल्या लताची धाकटी, दुसरीत आहे. दिवाळी झाली आणि ऊसतोडीची टोळी गेली, राणीही गेली. हंगामी वसतिगृहात ठेव म्हणून मी लताच्या पाया पडायची बाकी होते, पण धाकट्याला सांभाळायला कोण, म्हणून घेऊनच गेली. जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून मी शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, ते पोरीनं वहीत घडी घालून ठेवलंय. फडापासून शाळा लांब, आणि भाऊ दिवसभर कडेवर. कार्ड काय करणार?

मग मी तिच्या बापाच्या फोनवर रोज एका पानाचा फोटो पाठवायला लागले. पुस्तक नेलं होतं तिने, पण पहिल्याच आठवड्यात कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, भिजून त्याचा लगदा झाला. रात्री नऊ-साडेनऊला तिचा आवाज यायचा. मागे ट्रक भरत असायचा, कुत्रं भुंकायचं, लता ओरडायची, "आगं, त्याला घे आधी." आणि मधे राणी वाचायची. जोडाक्षर आलं की थांबायची. "प... प्र... का... प्रकाश." पुन्हा मागे जाऊन सबंध वाक्य पहिल्यापासून. भाऊ रडला की तेवढ्यापुरतं बंद, मग दुसरा मेसेज. शेवटी, "बास म्याडम, चार्जिंग न्हाई." रेखा, मी ते झोपायच्या आधी कानाला लावून ऐकायचे. यांना वाटायचं मी सिरियल बघतेय. टाळेबंदीत आपण "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" म्हणत दारोदार हिंडलो, सह्याद्री वाहिनीवरच्या टिलिमिली कार्यक्रमाच्या वेळा भिंतींवर खडूने लिहिल्या, त्या सगळ्यात माझ्या मनासारखं झालं नव्हतं ते या दोन मिनिटांच्या आवाजात झालं. तीन आठवड्यांत ती अडखळायची जागा बदलली होती. कुठली जोडाक्षरं सुटली, कुठली राहिली, मला सगळं कळत होतं.

हे मी शिक्षण परिषदेत, आपल्या शिक्षकांच्या बैठकीत, बोलून गेले. साहेब खूश. "नावीन्यपूर्ण उपक्रम! पण मॅडम, व्हॉइस काय दाखवणार? व्हिडिओ मागवा. कोपी दिसली पाहिजे मागे, मोळ्या दिसल्या पाहिजेत. वर पाठवू." मी म्हटलं, रेंज नाही तिथे. विषय तिथेच संपला असं मला वाटलं. नव्या सरांनी परस्पर तिच्या बापाला फोन केला. त्यांना वाटलं, मॅडमचं काम अडायला नको.

व्हिडिओ आला. वेणी घालून, गणवेश घालून कोपीसमोर उभी केलेली राणी. हातात त्याच भिजलेल्या पुस्तकाचं कव्हर. खणखणीत आवाजात कविता म्हणतेय, पहिलीतली, पाठ असलेली. डोळे कव्हरावर नाहीतच, बापाच्या हाताकडे. संपल्यावर हात जोडून नमस्कार. तालुक्याच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. मलाही अभिनंदन. "ऊसतोड कन्येची ज्ञानसाधना" असं कुणीतरी वर लिहिलं.

आणि तेव्हापासून आवाज येणं बंद. व्हिडिओ येतो, तोही आठवड्यातून एखादा. तीच कविता, नाहीतर पाढे. मी पान पाठवते, त्यावर उत्तर येतं, "म्याडम, हे पाठ झाल्यावर व्हिडिओ करते." मी सांगितलं, अगं पाठ नको करू, चुकत चुकत वाच, मला चुकलेलंच ऐकायचंय. तर म्हणाली, "चुकल्यावर लोकं बघत्यात ना."

सात वर्षांची पोर आहे ती. साहेबांवर चिडू तर तेही वरून आलेलंच खाली देतात. सरांशी दोन दिवस बोलले नाही, मग त्यांनीच चहा आणून दिला. त्यांना अजून कळलेलं नाही मी का चिडले, आणि मला ते समजावून सांगता येत नाही. व्हिडिओ खरंच छान आलाय, हीच तर अडचण.

थोरल्या पोरींचं तर निराळंच. आपली मनी आठवते का, भिंतीवर खडूने बंगला काढायची ती? नववीत आहे. तिने मैत्रिणींबरोबर एक रील केलं, साधं, शाळेच्या आवारातलं. भावानं बघितलं. तो स्वतः दिवसभर त्याच धंद्यात असतो. फोन काढून घेतला आणि आता स्थळं बघायचं चाललंय. मी तिच्या आईकडे दोनदा जाऊन आले, १०९८ चा, मुलांच्या मदतीच्या फोन नंबरचा, कागद तिच्या दप्तरात घालून आले. बघू. तुला ताजं कळवते.

तुझं काय? ओजसच्या नीटच्या क्लासचं कळलं, लातूरलाच टाकलंस तर माझ्या बहिणीचं घर आहे तिथे, संकोच करू नकोस. सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? दाजींना म्हणावं, निवृत्तीनंतर शेळ्या पाळायच्या असतील तर आधी माझ्या दिराला विचारा, त्याने पाळून विकून झाल्या.

आता काम. टोळी तुझ्या शाळेपासून अर्ध्या तासावर आहे. मुकादमाचा नंबर आणि वाट मागच्या पानावर लिहिली आहे. दिवसा जाऊ नकोस, सगळे फडात असतात. अंधार पडल्यावर दाजींना गाडीवर घेऊन जा. बालभारतीचं दुसरीचं पुस्तक तुझ्या शाळेत शिल्लक असेल, ते ने, दुरेघी वही आणि धाकट्यासाठी बिस्किटाचा पुडा. पुस्तकातला निम्म्यानंतरचा कुठलाही धडा काढ, तिने न पाहिलेला, आणि शेजारी बस. अडली तर लगेच सांगू नकोस, तुला ती घाई आहे. कुठे कुठे अडते ते मला लिहून कळव, हातानेच लिही. आणि लताची मैत्रीण म्हणून जा, मॅडम म्हणून जाऊ नकोस, नाहीतर पोर उभी राहून नमस्कार करेल आणि कविता सुरू करेल.

तुझी,
वंदना

ता. क. परवाच्या वाऱ्यात संडासाचा पत्रा उडाला. टीव्ही भिंतीवर आहे.