सूझीच्या वहीतल्या चुका

हार्टफर्ड, कनेटिकट

ती. बाबा आणि आईस सा. न.

शनिवारी एकदाची मार्क ट्वेनच्या घरी जाऊन आले. ऑफिसपासून इतकं जवळ, तरी तीन वर्षं जाणं झालं नव्हतं. आपली तरी पर्वती कुठे रोज चढतो आपण!

गेले ट्वेनसाठी, पण घरी घेऊन आले त्याची थोरली मुलगी, सूझी. घरातल्या लायब्ररीत शेकोटीवरच्या फळीवर शोभेच्या वस्तू मांडल्यात. मुली हट्ट धरायच्या की बाबांनी या वस्तू ओळीनं घेत गोष्ट सांगायची. सुरुवात मांजरीच्या चित्रानं, एकही वस्तू गाळायची नाही आणि गोष्ट दर वेळी नवी! जगाला हसवणारा माणूस इथे पोरींच्या तावडीत सापडलेला.

तेरा वर्षांची असताना, १८८५ मध्ये, सूझी वडिलांचं चरित्र लिहू लागली. स्पेलिंगच्या चुका भरपूर. पुढे आत्मचरित्रात तिचे उतारे घेताना ट्वेननं एकही चूक दुरुस्त केली नाही. बाबा, ऐकताय ना? मी शिबिरातून पाठवलेलं पत्र तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ सुधारून, लाल शाईसकट परत पाठवलं होतंत!

मग ट्वेन कर्जात बुडाला. अक्षरजुळणीच्या एका यंत्रात घातलेला पैसा गेला, १८९४ मध्ये प्रकाशनसंस्थेचंही दिवाळं निघालं. कर्ज फेडायला १८९५ मध्ये तो व्याख्यानं देत जगाच्या फेरीवर निघाला. बायको आणि मधली क्लारा बरोबर. सूझी आणि धाकटी जीन मागेच राहिल्या. जानेवारी १८९६ मध्ये तो चक्क आपल्या मुंबईत होता, वॉटसन्स हॉटेलात. आपल्या कावळ्यांवर त्यानं भरभरून लिहिलंय.

त्याच ऑगस्टमध्ये सूझीला मेंदूज्वर झाला. ती याच घरात होती. तापाच्या भरात कपाटातला आईचा झगा तिला आईच वाटला. त्याचे मुके घेत ती रडली. आई आणि क्लारा तेव्हा बोटीवर, इंग्लंडहून तिच्याकडेच निघालेल्या. १८ ऑगस्टला ती गेली, चोविसाव्या वर्षी. ट्वेनला इंग्लंडात तारेनं कळलं. त्यानंतर हे कुटुंब या घरात राहायला कधीच परतलं नाही. १९०३ मध्ये घर विकलं.

ते चरित्र तर तिनं १८८६ च्या उन्हाळ्यातच सोडलं होतं. आजीच्या गावी, किओककला, पोहोचल्याचं सांगता सांगता वाक्य अर्ध्यावर तुटलंय. पोरवयात कंटाळली असेल, दुसरं काय. पण मी त्या वाक्यापाशीच अडकले.

बाबा, हे पत्र तपासू नका.

तुमची,
मनू

ता. क. आई, मेतकूट पोहोचलं. डबा फुटला होता, त्यामुळे सगळ्या कपड्यांना वास लागलाय. धुवायचं जिवावर आलंय.