करेक्शन पेनमधून येणाऱ्या गोळ्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : सदोष करेक्शन पेन आणि वेष्टनावरची अपुरी सूचना

महोदय,

तुमची पांढरी शाई मी कुंचल्याच्या बाटलीपासून वापरते आहे. ती बाटली तुम्ही बंद केलीत आणि धातूच्या टोकाचा पेन आणलात, त्याबद्दल हे पत्र.

मी प्रश्नपत्रिका हाताने लिहून त्यांच्या झेरॉक्स काढते. परवा 'स्थिती'चं 'स्थीती' झालं. 'थ'ची दुसरी वेलांटी तेवढी झाकायची होती. पेन टेकवून दाबला, काही येईना. जरा जोर दिला, तर शर्टाच्या बटणाएवढा गोळा पडला आणि शेजारच्या 'ती'सकट शिरोरेखाही बुडाली.

वेष्टनावर 'झटपट सुकते' असं लिहिलं आहे. पाच मिनिटांनी बोटाला कोरडं लागलं, म्हणून लिहायला गेले. वर नुसती साय धरली होती! पेनचं टोक आत रुतलं, पोपडा निघाला आणि त्या बॉलपेनच्या तोंडात पांढरं गेलं ते गेलंच. ती रिफिल अजून उमटत नाही.

या शाईतला पांढरा रंग, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, जड असतो, तळाशी बसतो. म्हणून तर पेन हलवल्यावर तो ढवळला जावा यासाठी आत गोळी घालतात. माझ्या पेनातली गोळी पहिल्या दिवसापासून मुकी आहे, कितीही हलवा. मग आधी नुसतं पाणचट येतं आणि मागून गठ्ठा.

कुंचला होता तेव्हा तो बाटलीच्या काठाला निथळायचा, कागदावर ओढायचा नाही, फक्त टेकवायचा. ओढला की खालची शाई सुटून पांढऱ्यात निळसर डाग येतो. एक पातळ हात, तो पूर्ण सुकला की लागलाच तर दुसरा. बेटी नेस्मिथ ग्रॅहम या अमेरिकन टंकलेखिकेने १९५० च्या दशकात स्वतःच्या चुका झाकायला पांढरा रंग वापरला, तोही कुंचल्यानेच. आता मी तुमचा पेन प्लास्टिकच्या झाकणावर दाबते आणि तो थेंब टाचणीच्या टोकाने उचलून लावते. म्हणजे खरं काम टाचणीच करते.

पेन बदलून द्यावा. कुंचल्याची बाटली परत आणावी, ते जमणार नसेल तर निदान बारीक टोकाचा पेन काढावा. आणि वेष्टनावर 'हलवा, लावा, लिहा' आहे, त्यात 'लावा'नंतर 'थांबा' हा शब्द घालावा. जागा भरपूर आहे, मी पाहिलं.

सदोष पेन सोबत जोडला आहे. टोपण घट्ट लावलं आहे, तरी पाकीट कागदपत्रांवर धरून उघडू नये.

आपली विश्वासू,
एक जुनी ग्राहक