व्हायोलिन मागवून घे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. केमिस्ट्रीला प्रवेश मिळाला याचा फार आनंद झाला, पण शेवटची ओळ मनात सलत राहिली: ‘व्हायोलिन घरीच ठेवून आलोय, आता संगीत काही माझा विषय नाही.’ अरे, दहा वर्षं शिकलायस! डिग्रीच्या कागदावर संगीत नाही म्हणून हात वाजवायचं विसरणार आहेत का?

मीही पहिल्या वर्षी ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला गेलो होतो, हे तुला कधी सांगितलं नाही. तयार केलेला तुकडा बरा गेला. मग समोर एक न पाहिलेलं पान ठेवलं आणि लगेच वाजवायला सांगितलं. प्रत्येक चुकीला मी थांबलो, मागे गेलो, सुधारून पुन्हा सुरू केलं. तिथेच माझी निवड हुकली. ऑर्केस्ट्रात कुणी तुझ्यासाठी थांबत नाही. सूर चुकला तर चुकला, ताल सोडायचा नाही. एकट्याच्या रियाजात हे मी कधी शिकलोच नव्हतो. तू ऑडिशन देशील तेव्हा रोज एक नवं पान घे, ठेका देणारा मेट्रोनोम लाव आणि काहीही झालं तरी शेवटपर्यंत जा.

त्यानंतर चार महिने मी व्हायोलिनची पेटी उघडली नाही. ते महिने आठवले की अजून वाईट वाटतं.

मग व्हायोला वाजवणारे हवेत असं कळलं. विद्यार्थ्यांच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले रग्गड असतात, व्हायोलावाले नेहमी कमी. मी संगीत विभागाकडून वाद्य मागून घेतलं. व्हायोलिनपेक्षा मोठं, त्यामुळे बोटं जास्त ताणावी लागतात, आणि स्वरलेखनही वेगळं: पाच रेघांपैकी मधल्या रेघेवर मध्य ‘सी’ हा सूर. तीन आठवडे झोपण्यापूर्वी मी नुसती पानं मोठ्याने वाचत होतो. पण सर्वांत खालच्या तारेवर पहिल्यांदा गज ओढला ना, तेव्हा तो सूर कानाआधी हनुवटीला आणि गळ्याजवळच्या हाडाला जाणवला. त्या दिवसापासून मी व्हायोलाचाच झालो. तरुण बेथोव्हेन बॉनच्या दरबारी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवायचा. द्वोर्झाक या चेक संगीतकाराने तर प्रागच्या नाट्यगृहात कित्येक वर्षं तेच केलं.

खरं सांगायचं तर ऑर्केस्ट्रापेक्षाही मला टिकवलं ते आमच्या चौघांच्या क्वार्टेटने. एक कायद्याची, एक मेडिकलची, एक इतिहासाचा आणि मी. आम्ही द्वोर्झाकची 1893 सालची एफ मेजरमधली रचना घेतली, दोन व्हायोलिनं, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीचं क्वार्टेट. सुरुवातीला व्हायोलिनं हलकेच थरथरत राहतात आणि लगेच मुख्य सुरावट येते ती व्हायोलाकडे! पहिल्या रिहर्सलला माझा गज कापत होता. चेलोवालीने नुसती मान हलवली, श्वास घेतला, आणि तिच्या श्वासाबरोबर मी सुरू झालो. बुधवारी संध्याकाळी तिघं माझी वाट बघत असायची. कितीही थकलो तरी पेटी उचलावीच लागायची. एकट्याचा रियाज परीक्षेच्या आठवड्यात सहज बुडतो रे, चौघांचा बुडत नाही.

तू केमिस्ट्रीचा, म्हणून बोरोदिन या रशियन संगीतकाराबद्दल लिहितो. सेंट पीटर्सबर्गला केमिस्ट्रीचा प्राध्यापक, अल्डिहाइड नावाच्या रसायनांवर काम केलेला माणूस, आणि चेलोही वाजवायचा. त्याने आपलं दुसरं क्वार्टेट 1881 साली लिहिलं. त्याच्या तिसऱ्या भागात चेलो जी धून सुरू करतो ती रात्री एकटा असताना ऐक. पण त्याच बोरोदिनचा 1869 मध्ये हाती घेतलेला ऑपेरा 1887 मध्ये तो गेला तेव्हाही अपुराच होता, मित्रांनी पूर्ण केला. म्हणून सगळ्याला वेळ पुरेल असं मी तुला सांगणार नाही. प्रॅक्टिकलच्या आठवड्यात वाद्याला हात लागणार नाही, कॉन्सर्टच्या आठवड्यात एखादं जर्नल उशिरा जाईल. काही सोडावंही लागेल. एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीचे मोठमोठे कॉन्चेर्टो मी सोडले आणि त्याची रुखरुख अजून आहे.

रोज चाळीस मिनिटं धर. पहिल्या लेक्चरच्या आधी, कारण दुपारनंतर रियाजाच्या खोल्या संगीताच्या विद्यार्थ्यांना लागतात आणि ते रास्तच आहे. दहा मिनिटं सप्तकं, संथ, लांब गजाने. उरलेला वेळ फक्त अडणाऱ्या चार ओळींना. अख्खा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत बसू नकोस, त्यात वेळ जातो आणि अडतं तिथे अडतंच. शिक्षकही शोध. विभागात विचारलंस तर बाहेरच्या विषयाच्या मुलांना शिकवणारं कुणीतरी बहुतेक सापडेल.

आजच घरी फोन करून व्हायोलिन मागवून घे. इतके दिवस पडून आहे, तेव्हा तारा बदल, गजाला राळ लाव, आणि ठेवताना गज सैल करायला विसरू नकोस. सुट्टीत मी व्हायोला घेऊन येतोय. तुझ्याशिवाय आणखी एक व्हायोलिन आणि चेलो तू जमव, द्वोर्झाकची पानं माझ्याकडे आहेत.

तुझाच,
मित्र