विषय : सर्व्हरचे नेटवर्क कार्ड सहा व्हर्च्युअल मशीन्सना विभागून न मिळाल्याबाबत

प्रति,
विभागप्रमुख, विक्रीपश्चात सेवा

महोदय,

आपल्या कंपनीकडून फेब्रुवारीत खरेदी केलेल्या सर्व्हरबाबत ही लेखी तक्रार करीत आहे. फोनवर चार वेळा सांगून झाले आणि प्रत्येक वेळी “कार्ड ओके आहे” एवढेच उत्तर मिळाले. कार्ड ओके आहे हे आम्हालाही मान्य आहे. आमची तक्रार कार्डाबद्दल नाहीच.

आम्ही रत्नागिरीत आंबा-काजूच्या बागांचे आणि रस्त्यांचे ड्रोनने काढलेले फोटो जुळवून नकाशे तयार करतो. त्यासाठीच्या सहा व्हर्च्युअल मशीन्स (सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक) या एकाच सर्व्हरवर चालतात आणि सगळे फोटो १० गिगाबिटच्या एकाच पोर्टमधून स्टोरेजवरून ओढतात. म्हणूनच कोटेशनमध्ये “एसआर-आयओव्हीसह, सहा मशीन्सना स्वतंत्र हिस्सा” असे आपल्याकडून मुद्दाम लिहून घेतले होते. एसआर-आयओव्ही म्हणजे एकाच नेटवर्क कार्डाची अनेक आभासी कार्डे करून प्रत्येक मशीनला थेट एक देण्याची सोय. ती काही नवी नव्हे. पीसीआय-सिग या कार्ड-जोडणीची मानके ठरवणाऱ्या संस्थेने तिचे मानक २००७ सालीच प्रसिद्ध केले असून इंटेलच्या ८२५९९ या जुन्या चिपवरही एका पोर्टची ६४ पर्यंत आभासी कार्डे करता येतात. आम्ही सहाच मागितली होती.

प्रत्यक्षात आभासी कार्डांची संख्या ६ लिहून एंटर दाबले की आज्ञा नाकारली जाते आणि एसआर-आयओव्हीसाठी एमएमआयओची जागा (प्रोसेसरला कार्डाशी बोलण्यासाठी लागणारे मेमरीतले पत्ते) पुरेशी नाही, अशी ओळ कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये उमटते. म्हणजे कार्डात क्षमता असूनही मदरबोर्डचे बायोस (सर्व्हर सुरू होताना चालणारे मूळ सॉफ्टवेअर) या सहा कार्डांसाठी पत्त्यांची जागा राखून ठेवत नाही. “पीसीआय=रिअ‍ॅलॉक” हा पर्याय देऊन कर्नललाच ती जागा नव्याने वाटायला लावून पाहिले, तरी ओळ तीच. परिणामी सगळी वाहतूक सॉफ्टवेअर ब्रिजवरून करावी लागते, प्रत्येक पॅकेट होस्टच्या, म्हणजे मूळ सर्व्हरच्या, प्रोसेसरच्या हातून जाते आणि नकाशे जुळवण्यासाठी घेतलेले कोर हमाली करत बसतात.

आंबा घाट उतरून आलेल्या आपल्या इंजिनिअरनी यावर काढलेला तोडगा असा : अख्खे कार्ड पासथ्रू करून, म्हणजे विभागणी न करता थेट, त्यांनी पहिल्या मशीनला देऊन टाकले, तिथे ९.४ गिगाबिटचा वेग दाखवून स्क्रीनचा फोटो काढला आणि सर्व्हिस रिपोर्टवर “समस्या दूर” असे लिहून सही मागितली. त्या वेळी उरलेल्या पाच मशीन्स स्टोरेजपर्यंत पोहोचतच नव्हत्या. मी सही केली नाही. कार्ड विभागून दिले तर चालू मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येणार नाही, असेही त्यांनी बजावले. ते खरे असेलही. पण आमच्याकडे सर्व्हर एकच आहे, मशीन हलवायची कुठे?

पावसाळ्यापूर्वीच्या उड्डाणांचे फोटो पडून आहेत आणि बागायतदार रोज विचारणा करीत आहेत. तरी पंधरा दिवसांच्या आत सुधारित बायोस देऊन सहाही मशीन्स एकाच वेळी आपापल्या आभासी कार्डावर चालवून दाखवाव्यात. ते शक्य नसल्यास मदरबोर्ड बदलून द्यावा किंवा सर्व्हर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. तोपर्यंत बिलातील शिल्लक २० टक्के रक्कम अदा केली जाणार नाही. कोटेशनची आणि कर्नल लॉगची प्रत सोबत जोडली आहे. पुढील भेटीच्या वेळी इंजिनिअरनी निदान तो लॉग वाचून यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, संगणक विभाग
रत्नागिरी