शाल-श्रीफळ नंतर, आधी बोटीचे पैसे : कोळीवाड्यातल्या आपल्या मुलीसाठी आवाहन

नमस्कार मंडळी,

आपल्या ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली मुलगी येत्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडी पोहायला उतरणार आहे. तिचं नाव इथे टाकत नाही, आईवडिलांनी तसं सांगितलंय, वाड्यात सगळ्यांना माहीत आहेच. वय १९. वडील वागळे इस्टेटला प्रिंटिंग प्रेसमध्ये, आई घरून डबे देते. पैसे कमी पडतायत म्हणून मंडळातर्फे हे लिहितोय, जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा.

सातव्या वर्षी मारोतराव शिंदे तरणतलावात शिकायला लागली, मग मालवणच्या चिवला बीचवरची स्पर्धा, मग सनक रॉक ते गेटवे ५ किलोमीटर, आणि दोन वर्षांपूर्वी धरमतर ते गेटवे, ३६ किलोमीटर. त्या रात्री मी बोटीवर होतो. काळोखात फक्त तिच्या टोपीला लावलेली हिरवी लाइट स्टिक वरखाली होताना दिसायची, तेवढ्यावरच आमचं लक्ष. दर पाऊण तासाने दोरीला बांधलेली बाटली पाण्यात टाकायची, त्यात कोमट ग्लुकोजचं पाणी नाहीतर आईने केलेली पातळ पेज, ती पाण्यातच उताणी होऊन प्यायची आणि बाटली सोडून लगेच पुढे, कारण बोटीला हात लागला की संपलं, पोहणं बाद. गेटवेला वर आली तेव्हा जीभ मिठाने सुजलेली, शब्द फुटत नव्हता, मानेला आणि काखेत कॉस्च्यूम घासून सालं निघालेली. आणि आम्ही काय केलं, तर हार घातले, फटाके लावले, दुसऱ्या दिवशी स्टेशनपर्यंत बॅनर लावले. बॅनरचा खर्च त्या रात्रीच्या बोटीच्या भाड्यापेक्षा जास्त होता. बोटीचं भाडं तिच्या वडिलांनी भरलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं आणि मनाला खूप लागलं, म्हणून यावेळी मंडळाने ठरवलंय की सत्काराचा एक रुपया नाही, सगळं आधी आणि सगळं पोहण्यासाठी.

आता इंग्लिश खाडी. इंग्लंडच्या डोव्हरपासून फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत सरळ रेषेत साधारण ३३ किलोमीटर, पण भरती-ओहोटी बाजूला ओढत नेते त्यामुळे प्रत्यक्षात बरंच जास्त पोहावं लागतं. अंतर धरमतरएवढंच वाटतं, पण आपला समुद्र कोमट, तिथलं पाणी उन्हाळ्यातसुद्धा १५ ते १८ डिग्री. आणि वेटसूट चालत नाही, साधा कॉस्च्यूम, एक टोपी, गॉगल आणि अंगाला ग्रीस, बस. त्याआधी १६ डिग्री किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावं लागतं, ते केल्याशिवाय परवानगीच नाही. एवढं थंड पाणी ठाण्यात आणायचं कुठून? मच्छी मार्केटमधून बर्फाच्या लाद्या येतात, मोठ्या ड्रममध्ये टाकतात, थर्मामीटर लावतात आणि ही पोरगी रोज त्यात गळ्यापर्यंत बसते, ओठ निळे पडतात तरी वेळ पूर्ण झाल्याशिवाय उठत नाही. रविवारी पहाटे ठाणे-नेरुळ, तिथून उरण लोकल, आणि समुद्रात चार-पाच तास. पण बर्फात बसणं वेगळं आणि थंड पाण्यात सहा तास पोहणं वेगळं, त्यासाठी तिला तीन आठवडे आधी डोव्हरला जावंच लागणार.

खर्चाची खरी गोची इथेच आहे. तिथे अनुभवी पायलटची बोट घ्यावीच लागते, ती एकदोन वर्षं आधी बुक करतात, भाडं तीन हजार पौंडांच्या वर. तारीख मिळत नाही, साधारण आठवडाभराचा स्लॉट मिळतो, त्यात हवा बरी असेल त्या दिवशी नंबरप्रमाणे सोडतात, नाहीतर रूमवर बसून वाट बघायची आणि भाडं चालूच. हे स्लॉट का असे असतात ते मी आमच्या एका म्हाताऱ्या तांडेल (बोटीचे प्रमुख) काकांना समजावायला गेलो तर ते मध्येच म्हणाले, "भांगाला सोडत असतील, उधाणाला कोण सोडील पोरीला!" अगदी तेच. तिथेही भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या भरतीला पाणी मंद असतं म्हणून जास्त करून तेच दिवस धरतात.

बोटीवर एवढा जोर का देतोय तर आरती साहांचं उदाहरण बघा. १९५९ साली पहिल्या प्रयत्नात त्यांची बोटच ४० मिनिटं उशिरा आली, प्रवाहाची वेळ चुकली आणि किनारा काही मैलांवर असताना माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला परत उतरल्या आणि १६ तास २० मिनिटांत पार, खाडी पोहणारी आशियातली पहिली महिला. त्यांच्यासाठीही कलकत्त्यात लोकांनी पैसे जमवले होते, तरी कमी पडले तेव्हा मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांनी ११ हजार रुपयांची व्यवस्था केली. आपल्या पुण्याच्या रोहन मोरेने तर २०१८ मध्ये ‘ओशन्स सेव्हन’ म्हणतात त्या जगातल्या सातही अवघड सामुद्रधुन्या पोहून पूर्ण केल्या. म्हणजे आपल्या मातीतल्या पोरांना हे जमतं. पण या पोहण्याला तिकीट नाही, प्रेक्षक नाहीत, बक्षिसाची रक्कम नाही. ऑलिम्पिकमध्ये २००८ पासून १० किलोमीटर आहे, खाडी पोहण्याला तिथे जागा नाही, त्यामुळे स्पॉन्सर फिरकत नाहीत. एका कंपनीने हो म्हटलं, तिचे फोटो काढून नेले, आणि मार्च संपल्यावर कळवलं की बजेट नाही.

तर हिशोब असा. बोट, तिचं आणि कोचचं विमान, व्हिसा, पाच आठवडे राहणं-खाणं, विमा धरून ११ लाख. वडिलांनी पीएफमधून २ लाख काढले, मंडळाने उत्सवाच्या फंडातून दीड लाख दिले, वाड्यातून १ लाख ९० हजार आले. अजून ५ लाख ६० हजार हवेत, आणि बोटीची उरलेली रक्कम या महिनाअखेरपर्यंत नाही भरली तर स्लॉट जाईल, मग पुढची दोन वर्षं गेली.

पन्नास रुपये द्या, पाच हजार द्या, सोसायटीत डबा फिरवा, जिमवाले, क्लासवाले, ऐरोली-वाशीचे मित्र, सगळ्यांना सांगा. कोणाचे नातेवाईक डोव्हर किंवा केंटच्या बाजूला राहत असतील आणि महिनाभर एक खोली देऊ शकत असतील तर तो आमच्यासाठी लाखाचा आधार आहे, नक्की कळवा. मंडळाच्या ऑफिसात रोज संध्याकाळी ७ ते ९ कोणीतरी असतं, प्रत्येकाला पावती मिळेल, क्यूआर कोड दारावर लावलाय, आणि जमा-खर्चाचा कागद दर रविवारी त्याच दारावर चिकटवू. यायला जमत नसेल तर वाड्यातल्या कोणालाही निरोप द्या, आमची पोरं घरी येऊन पावती देतील.